परसाकडे, शी, संडास: एका रोजच्या वाक्याचा आढावा

"जोरात लागली आहे." मराठीत एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. भूक लागते, तहान लागते, उचकी लागते, ठेच लागते. त्या प्रत्येकीचं नाव घ्यावं लागतं. इथे नाव गाळलं जातं आणि क्रियापदाचं स्त्रीलिंग तेवढं मागे उरतं. शी, लघवी, संडास, तिन्ही 'ती'. त्या उरलेल्या 'ली'वरून ऐकणारा बरोबर ओळखतो आणि बोटाने दार दाखवतो. माणसाच्या आयुष्यात एकही दिवस न चुकणाऱ्या या कामाचं नाव न घेताच ते सांगता यावं, अशी सोय भाषेने करून ठेवली आहे.

सोय चांगली आहे, पण ती दाराशी उभ्या माणसापुरती. घरातलं मूल, शाळेतली मुलगी, अंथरुणाला खिळलेले आजोबा, दवाखान्यातली बाई, गावचा सरपंच, गटारात उतरणारा कामगार या सगळ्यांना कधी ना कधी याबद्दल पूर्ण वाक्य बोलावं लागतं. तेव्हा ते काय बोलतात, कुठे अडतात आणि अडल्यामुळे काय बिघडतं, याचा हा आढावा. माझं म्हणणं आधीच सांगते. मराठीला या बाबतीत शब्दांची टंचाई मुळीच नाही. टंचाई आहे ती परक्या किंवा वडीलधाऱ्या माणसासमोर मान वर ठेवून बोलता येईल अशा वाक्याची. आणि ती भरून निघू शकते, हे महाराष्ट्राने एकदा करून दाखवलं आहे.

सुरुवात 'शी'पासून करावी लागते, कारण प्रत्येकाची तिथूनच होते. बाळाला शी होते, शू होते. आई विचारते, "शी आली का?" आणि बाळाला दोन पायांवर धरून बसते. पण त्याच आठवड्यात, त्याच आईच्या तोंडून बाळ दुसरं 'शी' ऐकतं: "शी! हात लावू नको, घाण आहे ती." उच्चार तोच, स्वर तोच. एक वस्तूचं नाव आणि एक किळसेचा उद्गार. शरीरातून बाहेर पडणाऱ्या गोष्टीचं नाव आणि तिच्याबद्दल काय वाटायला हवं, हे दोन्ही मूल एकाच अक्षरात शिकतं. किळस आवश्यकच आहे, तिच्यामुळे जंत आणि जुलाब टळतात. पण ही किळस वस्तूवरून शब्दावर आणि शब्दावरून शरीरावर सरकते, तिथे घोटाळा सुरू होतो. आजकाल शहरातल्या घरांत 'पॉटी' आणि 'सूसू' आले आहेत. त्यांचं आयुष्यही तेवढंच: शाळेत जायला लागेपर्यंत.

मोठ्यांच्या जुन्या शब्दांकडे पाहिलं तर एक गोष्ट ठळक दिसते. ते क्रिया सांगत नाहीत, दिशा सांगतात. परसाकडे जाणे, बाहेर जाणे, रानात जाणे, बहिर्दिशेस जाणे, झाड्याला जाणे. परस म्हणजे घरामागची मोकळी जागा. तिथे गेलेला माणूस काय करून आला हे विचारायचं नसतं. ही रीत आजची नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. चक्रधरस्वामींचं उठणं, बसणं, चालणं, जेवणं असं सारं त्यात नोंदलं आहे आणि या विधीसाठी तिथे 'परिश्रय' असा शब्द येतो. गुरूच्या चरित्रातून हे वगळावं असं त्या लिहिणाऱ्यांना वाटलं नाही. त्यांनी त्यासाठी एक अदबीचा शब्द वापरला आणि पुढची लीळा सांगितली. मराठी गद्याच्या अगदी उगमाशी हा मोकळेपणा आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मग 'संडास' रुळला. पेशवाईतला 'शेतखाना' मागे पडला, संडास राहिला. हा शब्द मुळात जागेचा: तो संडास, चाळीतला सामायिक संडास, संडासाची रांग. पण बोलीने त्याचं लिंगच बदलून टाकलं. "मला संडास झाली नाही", "पातळ संडास होते". जागा 'तो' आणि तिथे होणारी गोष्ट 'ती'. हेच पुढे 'बाथरूम'चं झालं. "बाथरूम लागली", "बाथरूमला झाली नाही" असं मराठी माणूस म्हणतो तेव्हा तो आंघोळीच्या खोलीबद्दल बोलत नसतो. त्याच्यानंतर टॉयलेट, आणि आता ऑफिसात वॉशरूम. प्रत्येक नवा शब्द काही वर्षं स्वच्छ राहतो, मग त्यालाही वास येऊ लागतो आणि आपण पुढचा शोधतो. 'शौच' या शब्दाचा अर्थच मुळात शुचिता. पतंजलींच्या पाच नियमांत शौच पहिलं आहे. तोही शब्द आज 'शौचालया'च्या पाटीवरच अधिक भेटतो. 'सुलभ'चंही तसंच. बिंदेश्वर पाठक यांनी १९७० साली बिहारमध्ये काम सुरू केलं, त्या संस्थेच्या नावातला हा शब्द. मुंबईच्या स्टेशनाबाहेर "जरा सुलभला जाऊन येतो" म्हणणाऱ्याला त्या विशेषणाचा मूळ अर्थ आठवतही नाही.

या सगळ्या आडवळणांच्या मधोमध दोन सरळ क्रियापदं उभी आहेत: हागणे आणि मुतणे. जुनी, घराण्याची क्रियापदं. संस्कृतच्या धातुपाठात 'हद्' हा धातू याच अर्थाने दिला आहे, 'मूत्र'चा 'मूत' झाला आणि 'गूथ'चा 'गू'. हिंदीत हगना, गुजरातीत हगवुं, कोकणीत हागप आणि मुतप. मोल्सवर्थने एकोणिसाव्या शतकात आपल्या मराठी कोशात हे शब्द इतर शब्दांसारखेच, काही न लपवता नोंदवले. मराठीतली ही एकशब्दी, कर्तरी क्रियापदं आहेत. बाकी सगळं 'होणे', 'जाणे', 'करणे', 'लागणे' यांच्या कुबड्यांवर चालतं. तरीही सभ्य वाक्यात त्यांना जागा नाही. आणि अडचण फक्त असभ्यतेची नाही. मराठीत प्रत्येक क्रियापदाला आदराचं रूप असतं: जेवलात का, झोपलात का, आलात का. या दोन क्रियापदांना आदरार्थी रूप लावून पाहा. व्याकरणाने रूप तयार होतं, पण कुणी ते आजोबांसमोर उच्चारू शकत नाही. त्यामुळे वडीलधाऱ्यांना विचारायची वेळ आली की आपल्याकडे "पोट साफ झालं का?" एवढंच उरतं.

म्हणींमध्ये आणि भांडणांत मात्र ही क्रियापदं अजून तेज आहेत. कापल्या करंगळीवर मुतणार नाही, हे कंजूष आणि उपयोगशून्य माणसाचं वर्णन. जखमेवर मूत्र टाकायच्या जुन्या गावठी उपचाराची आठवण त्यात शिल्लक आहे. मुतायलाही सवड नाही, ही लगीनसराईतल्या घरातली तक्रार. काम बिघडवणाऱ्याने 'हागून ठेवलेलं' असतं आणि भ्यालेल्याला हगवण लागते. हागणाऱ्याने लाजावं की बघणाऱ्याने, हा प्रश्न तर नीतिशास्त्राच्या पुस्तकात घालावा इतका नेमका आहे. उघड्यावर बसायची पाळी आलेल्या माणसाची लाज कुणाच्या नावावर मांडायची, असं तो विचारतो. त्याच्याकडे पुढे परत यावं लागणार आहे.

जनावरांबाबत शेतकऱ्याच्या बोलीला हा संकोच शिवतही नाही. गाय-म्हैस शेण टाकते, घोडा लीद टाकतो, शेळी लेंड्या टाकते, कबुतर शिटतं, बैल मुततो. प्रत्येकाचा शब्द वेगळा, कारण प्रत्येकाचा उपयोग वेगळा. शेणाने अंगण सारवतात, गोवऱ्या थापतात, लेंडीखत वाफ्यात जातं. जनावराने सकाळी शेण कसं टाकलं यावरून त्याची तब्येत सांगणारी माणसं गावोगाव आहेत. "दोन दिस झाले, पातळ टाकतीय" हे वाक्य गोठ्यात उभं राहून घरातली कोणतीही बाई सासऱ्यासमोर मोठ्याने बोलते. तीच बाई स्वतःबद्दल तेच वाक्य डॉक्टरसमोर बोलू शकत नाही.

दवाखान्यातला हा अडसर मी जवळून पाहिला आहे. तालुक्याच्या गावचा सरकारी दवाखाना, सकाळची गर्दी. सत्तरीच्या एक आजी, सोबत सून. तरुण डॉक्टर शहरातून आलेले, स्वभावाने चांगले. त्यांनी विचारलं, "मलविसर्जन नियमित होतं का?" आजींनी सुनेकडे पाहिलं. सून म्हणाली, "हो, बरं हाय." डॉक्टरांना शंका आली असावी, त्यांनी शब्द बदलला: "मोशन रोज होते?" सून पुन्हा "हो." कागदावर 'सामान्य' लिहिलं जाणार एवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या सिस्टर वळल्या. "आजी, परसाकडला कसं होतंय? खडा होतोय का पातळ?" आजी एकदम बोलत्या झाल्या. "आधी खडाच व्हायचा गं बाई. आता चार दिस झालं, काळंकुट्ट पडतंय, डांबरावानी चिकट." डॉक्टरांचं पेन थांबलं. पुढचा प्रश्न त्यांनी बरोबर विचारला: गुडघ्याच्या गोळ्या घेता का? आजी रोज दोन घेत होत्या, मेडिकलमधून परस्पर आणून.

काळी, डांबरासारखी चिकट शी म्हणजे जठरात किंवा आतड्याच्या वरच्या भागात रक्त जात असण्याची खूण असू शकते आणि दुखणं कमी करणाऱ्या गोळ्या हे त्याचं नेहमीचं कारण. ही गोष्ट वैद्यकाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला येते. पण ते ज्ञान कामाला लागण्यासाठी 'काळंकुट्ट' हा शब्द खोलीत उच्चारला जावा लागतो आणि तो उच्चारला जाण्यासाठी आधी 'परसाकडला' हा शब्द डॉक्टरच्या बाजूने यावा लागतो. आजींना लाज नव्हती. त्यांना त्यांच्या भाषेत कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

खरं पाहता आपल्या वैद्यकपरंपरेला हा विषय कधीच वर्ज्य नव्हता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय अडवू नयेत अशा वेगांचा आहे. तेरा वेग सांगितले आहेत आणि त्यांत मूत्र आणि मल अगदी आरंभी येतात. माणसांचे मृदू, मध्यम, क्रूर असे कोठे मानून औषधाची मात्रा ठरवायची पद्धत आजही वैद्य पाळतात आणि "माझा कोठा जड आहे" हे वाक्य मराठी घरात अजून ऐकू येतं. तपशिलाचे शब्दही भरपूर आहेत: खडा होणे, आव पडणे, ढाळ लागणे, मुरडा येणे, कुंथणे, चिकट होणे, साफ न होणे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या डॉक्टरांनी १९९७ साली मलाचे सात प्रकार चित्रांसह मांडले आणि तो तक्ता आता जगभर वापरला जातो. पहिला प्रकार सुट्या, टणक गोळ्यांचा. आपल्याकडची कुठलीही आजी त्याला बकरीच्या लेंड्या म्हणेल. तो तक्ता मराठीत आणायचा तर तो शेतकऱ्याच्या शब्दांत आणावा, 'कठीण विभक्त पिंड' अशा शब्दांत नव्हे.

जुलाबाच्या साथींच्या काळात हे एकदा नीट जमलंही होतं. मीठ, साखर आणि पाण्याच्या द्रावणाला मराठीत 'जलसंजीवनी' नाव मिळालं. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी या द्रावणाची ताकद दाखवून दिली होती. औषधाचं नाव तोंडी बसलं. पण "किती वेळा झाली, कशी झाली, रक्त होतं का" हे प्रश्न विचारायची सवय तेवढी रुजली नाही.

बायकांच्या बाबतीत शब्द न मिळण्याची किंमत अधिक मोठी आहे. 'बाहेर' या शब्दावरच पाहा ना. बाहेर जाणे म्हणजे शौचाला जाणे, बाहेर बसणे म्हणजे पाळी. दोन्ही एकाच शब्दाखाली झाकलेल्या. भाजीवाली, शेतमजूर, बंदोबस्तावरची पोलीस, ऊसतोडणीच्या टोळीतली बाई दिवसभर पाणी कमी पिते, कारण 'जायला' जागा नसते आणि जागा विचारायची तर वाक्य नसतं. पुरुष भिंतीकडे तोंड करून मोकळा होतो. २०११ साली मुंबईत स्वयंसेवी संस्थांनी 'राइट टू पी', म्हणजे लघवीचा हक्क, ही मोहीम सुरू केली, तेव्हा अनेकांना नाव खटकलं. मला तेच तिचं बळ वाटतं. मागणीचं नाव मागणीइतकंच सरळ ठेवलं तर महापालिकेला 'महिला सुविधा'च्या धुक्यात शिरता येत नाही. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' या मासिकाने याच प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने महापालिकांना रस्त्यांवर बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं उभारण्याबाबत निर्देश दिले. विद्या बाळ यांनी १९८९ साली सुरू केलेलं हे मराठी मासिक. एका नियतकालिकाने शब्दांत मांडलेली तक्रार न्यायालयाच्या आदेशापर्यंत गेली.

आता महाराष्ट्राने करून दाखवलेल्या गोष्टीकडे. 'हागणदारी' हा शब्द वरच्या सरळ क्रियापदापासून झालेला: गावकुसाबाहेरची, सगळे बसतात ती जागा. शिष्ट मराठीत तो कुणी लिहीत नसे. २०००-०१ मध्ये आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गावोगाव स्पर्धा लागल्या, तपासणी पथकं आली, आणि पुढे केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार आला तेव्हा महाराष्ट्रातली गावं मोठ्या संख्येने त्यात उतरली. या सगळ्या कारभारात सरकारी मराठीने एक शब्द निवडला: हागणदारीमुक्त गाव. हिंदीने त्याच कल्पनेसाठी 'खुले में शौच मुक्त' अशी लांबची वाट घेतली. मराठीने तो शब्द जसा होता तसा उचलला आणि शासन निर्णयात, वेशीवरच्या कमानीवर, शाळेच्या भिंतीवर, ग्रामसभेच्या ठरावात लिहिला. जिल्हाधिकाऱ्यांनी भाषणात उच्चारला, सरपंचबाईंनी माइकवरून वाचला, बातमीदारांनी मथळ्यात छापला. पहिल्या काही महिन्यांत लोक हसले असतील. पाच वर्षांत हसणं संपलं. ज्या धातूला घरात जागा नव्हती, त्याच धातूपासून आलेला शब्द राज्याच्या राजपत्रित भाषेत बसला आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

भाषेच्या दृष्टीने ही फार मोठी घटना आहे आणि तिची म्हणावी तशी दखल मराठी लेखकांनी घेतलेली नाही, असं मला वाटतं. शब्द घाण नसतो, त्याच्या भोवतीची वाक्यं त्याला घाण किंवा स्वच्छ करतात, याचा एवढा मोठा पुरावा दुसरा सापडणार नाही. गाडगेबाबा कीर्तनाला जाण्याआधी हातात खराटा घेऊन गावाची घाण काढत. अभियानाला त्यांचं नाव असताना शब्दाची लाज बाळगली असती तर ते त्या नावाला शोभलं नसतं.

पण त्याच मोहिमेची दुसरी बाजूही लिहायला हवी. पहाटे निघणारी 'गुड मॉर्निंग पथकं' रानात बसलेल्यांवर शिट्ट्या वाजवत, टमरेल जप्त करत, गुलाबाची फुलं देत, फोटो काढत. त्यात बायकाही सापडत. ज्यांच्या घरी जागा नाही, पाणी नाही, अनुदानाचा हप्ता अडकला आहे, त्यांनाच भल्या पहाटे चारचौघांत उभं केलं जाई. हागणाऱ्याने लाजावं की बघणाऱ्याने, हा म्हणीतला प्रश्न इथे खराखुरा उभा राहिला आणि पथकांनी त्याचं चुकीचं उत्तर दिलं. शब्द मोकळा करणं आणि माणसाला उघडं पाडणं या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. २ ऑक्टोबर २०१४ ला सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाने हीच मोहीम पुढे नेली आणि २ ऑक्टोबर २०१९ ला ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. संडास बांधले गेले, ही मोठी गोष्ट आहे. टाकी कोण उपसणार, हा प्रश्न मात्र घोषणेत नव्हता.

त्या प्रश्नाजवळ आलं की आपल्या आडवळणी शब्दांचा खरा हिशेब कळतो. वरच्या जातींनी स्वतःच्या क्रियेला परसाकडे, शौच, बहिर्दिशा अशी नावं दिली, आणि जी माणसं ती घाण डोक्यावरून वाहून नेत होती त्यांच्या जातीचं नावच शिवी करून टाकलं. शब्दावरची घाण पुसून ती माणसाला फासली. ज्या मैल्याला हात लावायचा नव्हता, तोच शेतात गेला की 'सोनखत' म्हणवला गेला. 'कोकणचे गांधी' अप्पासाहेब पटवर्धन यांनी हा धागा ओळखला होता. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते आणि त्यांनी मैला साफ करायचं काम स्वतःला मिळावं असा आग्रह धरला. उच्चजातीच्या कैद्याला ते काम देता येणार नाही, असा नियम आडवा आला. त्यांनी अन्न तोडलं, आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्यासाठी डिसेंबरात उपवास आरंभला. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरीत अप्पासाहेबांनी मैल्याचं खत करणाऱ्या साध्या संडासांवर काम केलं. त्यांच्या लेखनात मैला, संडास, खत हे शब्द कुठेही कुजबुजीत येत नाहीत. ज्याच्या हाताला काम ठाऊक असतं त्याच्या वाक्यात संकोच उरत नाही.

हाताने मैला उचलण्याच्या कामावर १९९३ मध्ये आणि अधिक कडकपणे २०१३ मध्ये कायद्याने बंदी आली. तरी गटारात उतरलेला माणूस वर येत नाही, अशा बातम्या मुंबई-पुण्यातूनही येत राहतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई ३० लाखांपर्यंत वाढवली. त्या बातम्यांत आपण 'ड्रेनेजची सफाई करताना गुदमरून' असं लिहितो. तो माणूस कशात गुदमरला, हे मराठी वर्तमानपत्राने एकदा तरी सरळ लिहावं.

साहित्याचा विचार थोडक्यात आटोपते. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह, आणि मुंबईच्या ज्या वस्तीत गटार दाराशी वाहतं तिथले शब्द मराठी कवितेत हक्काने शिरले. त्यानंतर 'हे शब्द साहित्यात चालतात का' हा वाद उरला नाही. दलित आत्मकथनांनी संडासाची रांग आणि पहाटेचा अंधार लिहिला, तो त्यांच्या जगण्याचा भागच होता.

साहित्याकडून शाळेकडे वळायचं तर जपानमध्ये एक प्रयोग असा झाला की तो शिक्षकांनी आवर्जून पाहावा. तिथल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांना त्या वेळी सहा वर्षांत १००६ चित्राक्षरं शिकावी लागत. २०१७ साली एका प्रकाशनाने सहा इयत्तांसाठी सराव-पुस्तकं काढली. प्रत्येक अक्षरासाठी तीन अशी ३०१८ वाक्यं आणि त्या प्रत्येक वाक्यात 'उन्को' हा शब्द, म्हणजे आपली 'शी'. लेखक युसाकु फुरुया. मुलांनी अक्षरं भराभरा गिरवली आणि पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती काही महिन्यांतच खपल्या. शेकडो वाक्यांत तोच शब्द कर्ता झाला, कर्म झाला, विशेषणाला चिकटला, आणि तो उच्चारला म्हणून कुणाला शिक्षा झाली नाही. मुलांना अक्षरं आली हे तर खरंच. मला वाटतं, आपल्या शरीराबद्दल वाक्य बनवण्याचा सरावही त्यांना मिळाला.

आपल्या शाळेत या क्रियेला वाक्य नसतं, बोट असतं. करंगळी वर केली की 'एकी'. काही ठिकाणी एक नंबर आणि दोन नंबर. छोट्या मुलांना खुणेची सोय ठीक आहे. पण "आत्ताच गेली होतीस ना, बस खाली" असं उत्तर मिळालं की मुलीकडे पुढे बोलायला काही उरत नाही. "बाई, मला पातळ होतेय" हे वाक्य तिला कुणी शिकवलेलं नसतं आणि तिने म्हटलंच तर वर्ग हसतो. शिक्षिकेने त्या हसण्याकडे वळून न बघता "जा, आणि आल्यावर साखर-मिठाचं पाणी पी" एवढं म्हटलं, तर तो चाळीस मुलांचा आरोग्याचा धडा होतो.

आयुष्याच्या दुसऱ्या टोकालाही हीच कथा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाबद्दल घरात म्हणतात, "त्यांचं सगळं जागेवरच आहे." 'सगळं' या शब्दाखाली दिवसातून चार वेळा बदलायच्या चादरी, पाठीला पडणाऱ्या जखमा, रात्रीची जाग, कुशीवर वळवताना लागणारं बळ हे सारं झाकलं जातं. करणारी बहुतेक वेळा सून किंवा मुलगी असते, आणि भेटायला आलेले पाहुणे "करतेस हो सगळं" म्हणून निघून जातात. तिच्या कामाचं नाव घेतलं जात नाही म्हणून तिची दमणूकही मोजली जात नाही. एक ठिकाण मात्र असं आहे, जिथे मराठी बाई आडवळण पूर्ण टाकून देते. मुलगा मोठा होऊन उलटून बोलला की आई म्हणते, "तुझं हगलं-मुतलं काढलंय मी." मायेचा आणि कष्टाचा सर्वांत मोठा पुरावा द्यायची वेळ येते तेव्हा तिला शौच, शी, संडास यांतला कुठलाही शब्द पुरत नाही. ती थेट त्या दोन क्रियापदांकडे जाते, आणि तिथे त्यांना असभ्य म्हणायची कुणाची छाती होत नाही.

म्हणून सगळीकडे तीच दोन क्रियापदं वापरा, असं मी म्हणत नाही. डॉक्टरने पेशंटला, नातवाने आजोबांना, शिक्षकाने मुलीला विचारताना प्रसंगाला शोभेल तोच शब्द घ्यावा. पण तो समोरच्याच्या तोंडातला असावा, विचारणाऱ्याच्या पुस्तकातला नसावा. हे शिकवता येतं. २०१९ पासून एमबीबीएसच्या आरंभीच्या पायाभूत अभ्यासक्रमात स्थानिक भाषेची ओळखही आहे. महाराष्ट्रात ती ओळख 'नमस्कार, तुमचं नाव काय' यावर थांबू नये. परसाकडला आणि झाड्याला, खडा, आव, मुरडा आणि ढाळ, जळजळ आणि उन्हाळी, कोणत्या भागात कोणता शब्द चालतो, म्हाताऱ्या बाईला कसं विचारायचं, सुनेला बाहेर कधी थांबवायचं, हे सारं आशाताईंना आणि सरकारी दवाखान्यांतल्या सिस्टरांना पाठ आहे. वैद्यकीय महाविद्यालयांनी त्यांनाच बोलवावं आणि पहिला तास त्यांना द्यावा.